यिशुनची खुर्ची, सेरंगूनचा ओटा

अप्पा,

तुम्ही गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच शब्द बोलतो, "सुटले." बहुतेक जण तो आवाज खाली आणून बोलतात, सुनेसमोर बोलावा की नाही अशा बेताने. मला तो मोठ्याने म्हणावासा वाटतो. सुटलात तुम्ही. रविवारी तुम्हाला यिशुनच्या फ्लॅटमधून हलवून सिंगापूरच्याच दुसऱ्या भागात, आमच्याकडे सेरंगूनला आणायचं ठरलं होतं. तुम्ही शनिवारीच, स्वतःच्या खुर्चीत बसून, चहाचा कप स्वतःच्या हाताने विसळून निघून गेलात. सलील पहिल्या रात्रभर रडला आणि सकाळी तोंड धुऊन आल्यावर म्हणाला, "बाबांनी शेवटी आपलंच खरं केलं." तुमच्या मुलाला तुम्ही बरोबर कळला होतात.

मलाही सुटल्यासारखं वाटतंय, हे लपवत नाही. तीन वर्षं माझं अर्धं लक्ष ओट्याच्या कडेला बांधलेलं होतं. आता ते मोकळं झालंय आणि कुठे ठेवावं ते कळत नाही.

तरी इतके दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, कारण एक गोष्ट घशात अडकून बसली होती. ती आज सकाळी निघाली. ती काय ते सांगते, पण तुमच्या सवयीने मध्ये बोलू नका. या वेळी जमेल तुम्हाला.

लग्नानंतर मी काय काम करते हे तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते आठवतंय? तुम्ही जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून नुकतेच हार्बरफ्रंटच्या ऑफिसात, एअर कंडिशनमध्ये, खुर्चीवर बसायला लागला होतात आणि त्यामुळे सगळ्या जगावर चिडलेले होतात. मी सांगितलं की फोनवर डोळ्यांना जे दिसतं ते इतर लोक करतात, मी कानाला आणि हाताला कळणारं करते. निरोप पोचला तर फोनने कसं थरथरावं, नाही पोचला तर कसं, कोणता आवाज ऐकून माणूस दचकेल आणि कोणता ऐकून नुसता मान हलवेल. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे घंटा वाजवायची नोकरी." सलील हसला. मी त्या दिवशी तुमच्या आमटीत मीठ थोडं कमी घातलं होतं, ते तुम्हाला कधीच कळलं नाही, किंवा कळूनही तुम्ही बोलला नाहीत.

मग काचबिंदूने तुमची नजर खायला सुरुवात केली. आधी कडा गेल्या, मग हळूहळू मधलंही. आई तोवर गेल्या होत्या. मी मोठ्या उत्साहाने तुम्हाला बोलणारा फोन आणून दिला. कुठे बोट ठेवलंत ते तो सांगायचा, कोणाचा फोन आला ते सांगायचा, किती वाजले ते न विचारता सांगायचा. आठवड्याच्या आत तुम्ही तो रुमालात गुंडाळून परत केलात. "ही बाई फार बोलते," म्हणालात. "आणि काचेवर बोट ठेवून मला कळणार काय? काच सगळीकडे काचच." मी तुम्हाला लांबलचक समजावलं. तुम्ही माझा हात धरून तुमच्या किचनच्या दारापर्यंत नेलात आणि चौकटीवर ठेवलात. एका ठिकाणी लाकूड गुळगुळीत झालं होतं, तुमच्या अंगठ्याने. "इथे मला कोणी सांगायला लागत नाही की हे किचन आहे."

त्या दिवशी मी तुमचं घर पहिल्यांदा नीट पाहिलं, म्हणजे डोळे मिटून पाहिलं. तुम्हीच पाहायला लावलंत. लिफ्टमधून बाहेर आल्यावर डाव्या गालावर वारा लागला की कॉरिडॉर तुमचा. समोरच्या लिम आँटींच्या दारातून आलं-लसूण परतल्याचा वास आला की आणखी दोन पावलं. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीच्या तळाच्या मोकळ्या जागेत, म्हातारे पत्त्यांना बसले की त्यांचा गलका जिन्यातून वर यायचा, त्यावरून तुम्हाला दुपार कळायची. खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरला तुम्ही काठी घेऊन एकटे जायचात आणि बिनदुधाची कोपी-ओ पिऊन एकटे यायचात. सलील म्हणायचा, बाबा, आमच्याकडे चला, मोठी खोली आहे, कॉन्डोमध्ये लिफ्टसुद्धा बोलते. तुम्ही एकच उत्तर दिलंत. "इथे मी आंधळा नाही. तुमच्याकडे आलो की होईन."

त्या रात्री सलील माझ्याशी बोलला. तू काहीतरी कर, तुझंच काम आहे ना हे.

मी जे केलं ते आधी मूर्खपणाचं होतं, हे आता मान्य करायला हरकत नाही. मी तुमच्यासाठी गळ्यात घालायचं बटण आणलं. छातीत दुखलं, पाय घसरला, की दाबायचं, आणि आमचे दोघांचे फोन किंचाळतील. तुम्ही ते हातात घेऊन चाचपलंत. मला वाटलं कौतुक करताय.

"केतकी, ज्याला बटण दाबता येतंय तो अजून बरा आहे," तुम्ही म्हणालात. "जो खरा पडलाय तो कसलं बटण दाबतोय."

"मग काय करायचं?"

तेव्हा तुम्ही मला जहाजावरची झोप सांगितलीत. इंजिनाच्या धडधडीच्या डोक्यावर, लोखंडी खोलीत, माणूस मेल्यासारखा झोपतो. कितीही आवाज असो, जाग येत नाही. पण इंजिन थांबलं, की सगळे जण एकदम उठून बसतात. कोणी हाक मारत नाही, घंटा होत नाही. आवाज गेला म्हणून उठतात. "तुम्ही लोक काही बिघडलं की आवाज करता," तुम्ही म्हणालात. "उलटं कर. सगळं ठीक आहे तोवर आवाज ठेव. बिघडलं की तो जाईल."

मी भांडले. रोजची गुणगुण माणसाच्या लक्षातूनच जाते, हे मी कॉलेजात शिकले होते आणि तीनदा प्रेझेंटेशनमध्ये दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, जाऊ दे ना लक्षातून, तेच तर हवंय. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही चोवीस तास इंजिनाच्या पोटात होतात, मी ऑफिसला जाते. तुम्ही म्हणालात, ऑफिसला जातेस तेव्हा सलील आहे, तो नसतो तेव्हा तू आहेस, आणि तुमच्या घरी कोणी ना कोणी सतत ओट्यापाशी खात असतं. हे खरं होतं.

तर ओट्यापाशीच केलं. तुमच्या वेताच्या खुर्चीच्या उजव्या हाताखाली मी एक छोटी मोटर आणि हलणं ओळखणारा एक तुकडा बसवला, आणि हाताच्या टोकाला पंजाएवढी पितळेची चकती. आमच्याकडे ओट्याच्या कडेला एक सागवानी फळी लावली, तिच्याखाली तसंच सगळं, मागच्या टोकाला तशीच चकती. फळीवर माझा पोळपाट. इंटरनेटने दोन्ही जोडलं. इकडचं लाकूड हललं की तिकडचं हलायचं, तिकडचं हललं की इकडचं. आणि काहीच हलत नसलं तरी एक बारीकशी थरथर दोन्हीकडे कायम, म्हणजे दोन्ही घरं चालू आहेत.

ती बारीकशी होण्याआधी काय झालं ते मी लोकांना अजून सांगते. पहिल्या दिवशी ताकद तुम्ही ठरवलीत, इंजिनरूमच्या हिशेबाने. तुम्ही खुर्चीत बसलात आणि आमच्याकडे ईराचा दुधाचा कप फळीवरून चालत कडेला गेला आणि खाली. ईरा तेव्हा सहा वर्षांची. "मम्मा, आजोबा टू स्ट्राँग लाह. माय मिल्क ऑल ड्रॉप ऑलरेडी." मी फोन केला तर तुम्ही खूश. "पोचलं ना?" ताकदीच्या बाबतीत मीच बरोबर होते, अप्पा. ते तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. आता कोणी अडवायला नाही म्हणून इथे नोंदवून ठेवते.

आणि कुकर. दुसऱ्याच दिवशी मी फळीला लागून कुकर चढवला. शिट्टी झाली की कुकर हलायचा, फळी हलायची, यिशुनला तुमची खुर्ची. तुम्हाला वाटलं मी खुणा करतेय. जहाजावर वरून कॅप्टनच्या बाजूने हुकूम आला की खाली इंजिनरूममधून तोच हुकूम परत पाठवायचा असतो, मिळाला म्हणून. तो परत आल्याशिवाय वरचा माणूस हुकूम दिला असं धरतच नाही. तर तुम्ही इमानदारीत प्रत्येक शिट्टीला चकतीवर हात ठेवून उत्तर देत बसलात. मग सलीलला ऑफिसात फोन. "केतकीने तीन वेळा हुकूम दिला, मी तिन्ही वेळा उत्तर दिलं. आता पुढे काय करायचं ते ती सांगत नाहीये." सलीलने मीटिंगमधून मला विचारलं. मी म्हटलं, सांग त्यांना, वरण शिजलं.

त्यानंतर तुम्ही आमचं घर लाकडातून वाचायला लागलात, आणि मला कळलं की आपण जे बनवलंय ते मी बनवलं त्यापेक्षा मोठं आहे. मिक्सर वेगळा, लाटणं वेगळं. पोळ्या किती झाल्या ते तुम्हाला खुर्चीत कळायचं. "आज कमी केल्यास. सलील टूरवर आहे का?" कोणी चिडून डबा आपटला की संध्याकाळी तुमचा फोन यायचा, नुसता हवापाण्याचा. तुम्ही कधी विचारलं नाहीत काय झालं. मला हवापाण्यावरून कळायचं की तुम्हाला कळलंय. आणि तुमच्याकडून मला काय यायचं? बोटं. रेडिओवर जुनी गाणी लागली की खुर्चीच्या हातावर तुमची बोटं ठेका धरायची, आणि मी लाटत असले की तो मनगटात यायचा. कुठलं गाणं ते कळायचं नाही. ठेका चुकलेला असायचा एवढं मात्र कळायचं.

ऑफिसात मी हे सांगितलं तर सगळे उड्या मारायला लागले. हे बाजारात आणू, याला स्क्रीन देऊ, दिवसाचा आलेख काढू, आजोबा किती वेळ बसले, किती वेळ उभे. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या बसण्या-उठण्याचा आलेख तुझ्या साहेबाला कशाला?" तेव्हाच आपण ठरवलं की काहीही साठवायचं नाही. आलं, हाताला कळलं, गेलं. मला त्याचा अभिमान होता. मी इतर ठिकाणीही तेच भांडत आले आहे, की स्पर्श हा स्पर्शच राहू दे, त्याची नोंद करू नका. या निर्णयाने मला नंतर किती छळलं ते पुढे येतंच.

रात्रीचा नियम तुमचा. झोपायला जाताना तुम्ही चकतीवर तळहात ठेवायचात आणि थोडा वेळ दाबून धरायचात. थरथर थांबायची. म्हणजे आजचं काम संपलं. आमच्याकडून कोणीतरी फळीवरच्या चकतीवर हात ठेवला की तुमच्या खुर्चीला एक बारीक ठोका मिळायचा. तो मिळाल्याशिवाय तुम्ही उठायचा नाहीत. पुन्हा दाबायचात, पुन्हा थांबायचात. "आयुष्यभर मी खालून उत्तरं दिली," तुम्ही म्हणायचात, "आता तुम्ही द्या."

आणि माझ्यावर तुमचा कायमचा राग होता तो याच बाबतीत. माझे हात बहुधा कणकेत असायचे. पितळ चिकट होईल म्हणून मी आधी हात धुवायचे, फडक्याला पुसायचे, मग चकतीवर ठेवायचे. तेवढा वेळ तुम्ही तिकडे बसून राहायचात. "हात पुसून मग उत्तर देतेस," तुम्ही फोनवर ओरडायचात. "जहाज असतं तर तोवर धक्क्याला लागून फुटलं असतं." मी म्हणायचे, अप्पा, हे जहाज नाही, माझा ओटा आहे, आणि ती चकती मी रोज घासते. हे आपलं भांडण तीन वर्षं चाललं. मी एकदाही हात न पुसता उत्तर दिलं नाही. स्वच्छतेपेक्षा हट्ट जास्त होता त्यात.

दुसरं भांडण वासाचं. ते अर्धवटच राहिलं. तुम्ही म्हणायचात, आवाज पाठवलास, थरथर पाठवलीस, वास पाठवून दाखव. तापलेल्या तेलाच्या वासावरून तुम्ही बेअरिंग जातंय हे ओळखायचात, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून खात्री मग करायचात, आधी नाक. मी म्हणायचे, वास पाठवता येत नाही, येणारही नाही, आणि नाही येत तेच बरं, काही गोष्टींसाठी माणसाने उठून दुसऱ्याच्या घरी जावं. तुम्ही म्हणायचात, हे तुला जमत नाही म्हणून तत्त्वज्ञान सांगतेस. असेल. तुमच्या घरी दर रविवारी आम्ही येत होतो ते काही प्रमाणात या भांडणामुळे, हे मात्र तुम्हाला माहीत होतं असं मला वाटतं.

मग धाप लागायला लागली. हॉकर सेंटरवरून येताना तुम्ही मध्ये दोनदा बसायला लागलात. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं आणि एकटं राहायचं नाही म्हणून सांगितलं. सलीलने या वेळी विचारलं नाही, रविवार ठरवला. तुम्ही भांडाल म्हणून मी तयारीत होते, तुमच्या बाजूने बोलायचं की त्याच्या, हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तुमचं ते "बरं" मला भांडणापेक्षा वाईट लागलं. त्या आठवड्यात लाटताना मनगटात ठेका आला नाही.

मी रोज झोपताना विचार करायचे, आमच्या घरात तुमचा अंगठा कुठल्या चौकटीवर जाईल. आमच्या कॉन्डोत सगळं नवं, सगळं सारखं गुळगुळीत. ज्या माणसाने मला हाताने पाहायला शिकवलं त्याला मीच आणून अशा घरात ठेवणार होते, त्याच्याच भल्यासाठी.

शनिवारी पाच वाजता मी पोळ्या लाटत होते. दुसऱ्या दिवशी सामान हलवताना स्वयंपाक होणार नाही म्हणून जास्तीच्या. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, टेम्पोवाल्याशी वेळ ठरवत होते. आणि फळी थांबली.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. तीन वर्षं ती थरथर मला जाणवतही नव्हती, ती गेली ते मात्र पाठीच्या कण्यापर्यंत कळलं. पाच वाजता तुम्ही कधी झोपत नाही. यापुढचं मला आठवत नाही. पुढची आठवण लिफ्टसमोरची आहे. लिफ्टच्या बटणाला कणीक लागलेली, माझ्या दोन्ही हातांना कणीक, आणि मी फोनवर लिम आँटींना सांगतेय की त्यांच्याकडे ठेवलेली किल्ली घेऊन आत जा.

मी टॅक्सीने पोचेपर्यंत सगळं झालं होतं. आँटी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला धरलं. "ही ओन्ली सिटिंग, गर्ल. लाइक रेस्टिंग. यू डोन्ट स्केअर." चारच्या सुमारास त्या तुमच्याकडे केळ्याची भजी द्यायला आल्या होत्या तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलं होतं, "आँटी, टुडे आय क्लोज अर्ली. टुमॉरो लाँग डे." भजी खाऊन बशी धुऊन ठेवलीत. कप विसळून उपडा ठेवलात. मग खुर्चीत बसलात, आणि झोपायला जायच्या आधी करता तेच केलंत.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, त्रास झाला नसणार. मी मान हलवली. पण मी तुमचा हात पाहिला होता, अप्पा. तो चकतीवर होता.

हीच ती अडकलेली गोष्ट. तुम्ही काम संपल्याची खूण केलीत आणि उत्तराची वाट पाहिलीत, एवढं नक्की. मी उत्तर दिलं की नाही ते मला आठवत नव्हतं. आणि लिफ्टपाशी माझे हात कणकेचे होते. मी हात पुसल्याशिवाय चकतीला कधी हात लावत नाही. हात पुसले नव्हते, म्हणजे उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे तुम्ही पुन्हा दाबलं असणार, थांबला असणार, पुन्हा दाबलं असणार, आणि इकडे ओट्यापाशी कोणी नव्हतं. तुमच्या हुकमाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी उत्तर दिलं नाही आणि तुम्ही तसेच हात ठेवून बसून राहिलात. दुसरा कुठला हिशेब मला जुळत नव्हता.

सलील म्हणाला, "अगं, दिलं असशील." मला शांत करायला म्हणाला तो. नोंद काढून बघू का म्हणाला, आणि मग त्यालाच आठवलं की आपण नोंद ठेवतच नाही.

निरोपही कसा झाला ते सांगते. इथल्या विद्युतदाहिनीत शेवटचं दर्शन काचेच्या पलीकडून असतं. पेटी आत सरकत जाते, आपण वरच्या दालनात काचेमागे. सलीलने काचेवर तळहात ठेवला. मला तुमचं "काच सगळीकडे काचच" आठवलं आणि मी त्याचा हात काढून माझ्या हातात घेतला. त्याला कारण विचारावंसं वाटलं नाही, बरं झालं.

त्यानंतरचे दिवस ओळखीच्या लोकांच्या डब्यांवर गेले. शेजारच्या टॉवरमधली वैशाली पहिल्याच दिवशी आली, माझं किचन तिने आवरलं, पोळपाट धुऊन फळीच्या मागच्या टोकाला भिंतीला टेकवून उभा केला. सलीलने फळीची वायर काढून ठेवली. मी त्या कोपऱ्याकडे पाहत नव्हते. पुढे तेरावं झालं, डबे थांबले, आणि आम्ही पाव खायला लागलो.

आज सकाळी ईरा म्हणाली, "मम्मा, कॅन मेक पोळी ऑर नॉट? एव्हरी डे ब्रेड, सो सियान." तुमची नात कंटाळली होती. मग मराठीत म्हणाली, "आजोबांना पण कळेल मग." मी कणीक भिजवली. पोळपाट घ्यायला हात घातला, तो भिंतीपासून ओढला, आणि त्याच्या मागे चकती दिसली.

चकतीवर हात होता. कणकेचा. चारही बोटं, अंगठा, तळव्याची खालची कड. वाळून पांढरा पडलेला, सिंगापूरच्या हवेने कडेला थोडी हिरवी बुरशीसुद्धा धरली होती त्याने. मी माझा हात वर धरून पाहिला. माझाच. माझ्या डाव्या करंगळीचं टोक लहानपणापासून वाकडं आहे, ते तिथे वाकडंच उमटलं होतं. फोन उजव्या कानाला होता, म्हणून डावा हात.

मी सलीलला हाक मारली. तो आंघोळ अर्धी टाकून आला. मी चकतीकडे बोट दाखवलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि मग तिथेच किचनच्या फरशीवर बसला, ओला, आणि हसायला लागला. मी पण त्याच्या शेजारी बसले. ईरा दारातून म्हणाली, "दिस वन मम्माज हँड व्हॉट. व्हाय बोथ लाफिंग?" आम्ही तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, हुकूम, उत्तर, कुकर, तिचं दूध. दूध तिला आठवत नव्हतं.

तर अप्पा, ठोका तुम्हाला मिळाला होता. दुसऱ्यांदा दाबायला लागलं नाही. उत्तर मिळाल्यावर तुम्ही उठायचात, ते त्या दिवशी उठला नाहीत, एवढंच. हात चकतीवर राहिला तो वाट पाहत नव्हता.

बटणाचं भांडण तुम्ही जिंकलात. ताकदीचं मी. वासाचं आहे तिथेच राहू दे, यिशुनचा फ्लॅट रिकामा करायला आम्ही या रविवारी जातोय आणि लिम आँटींनी आलं परतायला घेतलं असलं की मी दोन पावलं आधीच थांबणार आहे. खुर्ची आमच्याकडे येतेय. ती ईराच्या खोलीत जाईल असं तिनेच जाहीर केलंय. सलील म्हणतो पुन्हा जोडून दे, पोळ्या होताना तिला कळू दे.

देईन. फळीवरची चकती मात्र मी अजून घासलेली नाही, आणि तुम्ही आयुष्यभर जे ऐकायला तरसलात ते आता सांगून टाकते. त्या दिवशी मी हात पुसला नव्हता.

तुमची,
केतकी